तिसरा दाणा

सकाळी चहाचा कप हातात घेऊनच धाकट्यानं बेकरीची फाइल उघडली आणि कप तसाच तोंडाजवळ थांबला. पडद्यावर गव्हाची लोंबी होती. मधोमध दांडी, डावीकडे पाच दाणे, उजवीकडे पाच, वर कुसं आणि भोवती गोल. डावीकडच्या वरून तिसऱ्या दाण्याचं टोक उडालेलं होतं. पडद्यावरचा डाग असेल म्हणून त्यानं बोटानं पुसून पाहिलं. मग चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की पडद्यावर तो एकच दाणा उरला, थाळीएवढा. डाग नव्हता. घाव उजवीकडून शिरला होता आणि डावीकडे पातळ होत गेला होता, शेवटी केसाएवढी शेपूट. कुणीतरी जुन्या पाटीचा फोटो काढून, कडा गिरवून, ती रेघ जशीच्या तशी उचलली होती, शेपटीसकट. पंचावन्न वर्षांचा माणूस, नाकावर चष्मा, दोन जावयांचा सासरा, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. बेकरीचं काम घेताना त्यानं मनाशी हिशोब केला होता की नवी पिढी आहे, नवी दुकानं उघडतायत, सहा पाट्या हव्यात म्हणजे लोगोही नवाकोरा असणार. ती जुनी पाटी केव्हाच जळणात गेली असेल. त्या गल्लीत तो चौतीस वर्षांत फिरकला नव्हता. तिथला पाव त्याच्या घरात येत नव्हता. बायकोला वाटायचं, ह्यांना तो पाव सोसत नाही, आणि त्यानं तिला तसं वाटू दिलं होतं.

धाकटा हे त्याचं नाव बाबांच्या वेळचं. दुकानात दोघा भावांना हाका मारताना घोळ नको म्हणून बाबा एकाला दादा म्हणायचे आणि दुसऱ्याला धाकटा. बाबा गेले, दुकान धाकट्याच्या नावावर झालं, केस पिकले, तरी लाकूडवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला धाकटाच म्हणत. दादा आता साठीला आला होता. दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर बसून तो पाट्या घासायचा आणि कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचा. चौतीस वर्षं हेच. त्याआधी तो कोरायचा. डावखुरा होता, आणि खरं बोलायचं तर धाकट्यापेक्षा किती तरी चांगला कोरायचा. हे धाकट्यानं कधी कुणापुढे कबूल केलं नव्हतं. आता करून उपयोगही नव्हता, कारण आता दोघांपैकी कुणीच कोरत नव्हतं. राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशिन, कोरत होता. फळी शिकंज्यात घट्ट करायची, बिटाखाली, म्हणजे कोरणाऱ्या पात्याखाली, कागदाचा कपटा सरकवून उंचीचं शून्य लावायचं, बटण दाबायचं आणि बाजूला उभं राहायचं. त्याचा हात घसरत नाही, त्याला ताप येत नाही, त्याला कुणाचा हेवा वाटत नाही. रेघ द्याल तशी तो काढतो, चुकलेली रेघ द्याल तर चुकलेली काढतो. पहिल्यांदा मशिन आलं तेव्हा धाकट्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. दादाचा हात बरा की आपला, हा प्रश्नच मिटला असं वाटलं होतं. कसला मिटतोय!

चौतीस वर्षांपूर्वी, ती पाटी कोरायच्या दिवशी, दादाला ताप होता. बेकरी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची होती, पाटी संध्याकाळपर्यंत संपवायची होती, बाबा दुसऱ्या कामावर बाहेर गेलेले. दोघं भाऊ एकाच फळीवर शेजारी शेजारी ओणवे झालेले. पद्धत ठरलेली होती: डावी बाजू दादाची, उजवी धाकट्याची. एक डावखुरा, एक उजवा, त्यामुळे कोपराला कोपर लागत नसे, आणि बाबा त्यावर खूश असायचे. देवानं मला दोन मुलगे नाही, एका माणसाचे दोन हात दिले, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. दुपारी दादा पाणी प्यायला म्हणून उठला तो बराच वेळ आलाच नाही. नळाखाली डोकं धरून बसला असणार. धाकट्याचे पाचही दाणे झाले होते, दादाचे दोनच. मदत करावीशी वाटली, असं तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आला. मदत कसली आणि काय कसली! दादाच्या दाण्याला एक फुगीर डौल असायचा, मुठीत घ्यावासा वाटायचा, आणि तसा आपल्याला येतो का ते कुणी बघत नसताना करून पाहायचं होतं. त्यानं दादाचीच गोल पटाशी उचलली. ती दादाच्या हाताला सरावलेली, त्याच्या हातात बसेना. दाणा मात्र छान उतरत आला. इतका छान, की त्यानं क्षणभर मान मागे करून त्याच्याकडे बघितलं, आणि बघता बघताच शेवटचा दाब दिला. पटाशी सटकली. आवाज अगदी बारीक झाला, नख मोडल्याचा होतो तेवढा. त्यानं भुसा फुंकला. पटाशी जिथून उचलली होती तिथंच, त्याच बाजूला तोंड करून ठेवली, आणि आपल्या बाजूला येऊन झालेलेच दाणे उगाच घासत बसला. दादा आला. लाल डोळ्यांनी फळीकडे बघत राहिला. "तिसरा मी केव्हा केला रे?" त्यानं विचारलं. धाकटा वर न बघता म्हणाला, "मघाशीच की."

दोन शब्दांचा तो उद्योग. दादानं कपाळावर हात फिरवला, टोकाची जमेल तेवढी सारवासारव करून ते रंगात झाकलं आणि चौथ्या दाण्याला लागला. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या म्हाताऱ्यानं पाटीवरचं कापड ओढलं, चार माणसं खालून बघत होती, आणि म्हातारा म्हणाला, "हा दाणा काय उंदरानं खाल्ला?" सगळे हसले. उंदीर हा शब्द बेकरीच्या दारात, पहिल्याच दिवशी! बाबा त्या पाटीखाली हात जोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा धाकट्यानं त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. रात्री जेवताना बाबांनी दोघांना मिळून एकदाच विचारलं, हात कुणाचा. दादा म्हणाला, "माझ्या बाजूचा दाणा आहे, म्हणजे माझाच असणार. अंगात ताप होता, मला आठवतसुद्धा नाही नीट." धाकट्याच्या तोंडात घास होता. तो घास गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बोलता आलं असतं. तो मूग गिळून बसला. बाबांनी हात पुढे केला, दादानं उठून खुंटीवरच्या पिशवीतली आपली पटाशी आणून त्यांच्या हातावर ठेवली. "उद्यापासून घासायला बस," बाबा म्हणाले. दादाला वाटलं आठ दिवस, महिना. धाकट्यालाही तसंच वाटलं होतं, देवाशपथ. पण बाबा त्या एका वाक्यावरून मरेपर्यंत हलले नाहीत. आणि एक गोष्ट धाकट्याला त्यानंतर कधीच नीट झोपू देईना. बाबा लाकडावरचा घाव बघून कुठल्या हातानं केला ते सांगणारे होते. उजवीकडून शिरलेला घाव, डावीकडे शेपूट. डावखुऱ्याचा हात तसा घसरतच नाही. हे बाबांना दिसलं नसेल? पाटी उंच होती, रंग ओला होता, माणसं हसत होती, नसेल दिसलं. की दिसलं आणि त्यांनी दोघांतला एक निवडला? मग आपल्याला का निवडलं? लाड म्हणून की कीव म्हणून? ह्याचं उत्तर बाबा बरोबर घेऊन गेले आणि धाकट्याला त्यांचा त्याबद्दल रागच यायचा, स्वतःपेक्षा जास्त.

गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला. दाण्याच्या कडेवर चार ठिपके होते, रेघेची वळणं धरून ठेवणारे. दोन ठिपके पुसले की काम भागत होतं. त्यानं ते पुसले. रेघ ताणली गेली, आपणहून फुगली, आणि तिसरा दाणा दुसऱ्यासारखा, चौथ्यासारखा, पोटभर गोल होऊन बसला. एवढं सोपं. चौतीस वर्षं उरावर घेऊन हिंडलेली गोष्ट दोन टिचक्यांत गेली. त्यानं सागाचा एक तुकडा शिकंज्यात लावला, नमुना म्हणून एकच लोंबी कोरायला मशिन सुरू केलं आणि भुसा ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत उभा राहिला. बिट दांडीवरून खाली आलं, एकेक दाणा खोदत गेलं, तिसऱ्यापाशी जराही अडखळलं नाही. त्याला वाटलं होतं आता बरं वाटेल. बरं वाटलं नाही, नुसतं रिकामं वाटलं.

नमुना त्यानं नेहमीसारखा दादाच्या स्टुलापाशी नेऊन ठेवला. दादानं चष्मा शोधला नाही. काम डोळ्यांनी नाही तर अंगठ्यानं बघायची त्याची सवय होती. अंगठा दाण्यांवरून खाली उतरत आला आणि तिसऱ्यावर थांबला.

"हा कुणी भरून काढला?" दादानं विचारलं.

"फाइलमध्ये जरा गडबड होती. साफ केली मी."

"गडबड?" दादा हसला. "अरे, तो माझा दाणा आहे!"

आणि त्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली एक कागदी पिशवी काढली, मांडीवर पसरली, तळहातानं सारखी केली. बेकरीची पावाची पिशवी. वर तीच लोंबी, तोच तुटका दाणा, आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं: आमच्या संस्थापकांनी एक दाणा चिमणीसाठी राखला. "वाचलंस?" दादा म्हणाला. "उंदराची चिमणी झाली बघ! मीच तोडला आणि ह्यांची चिमणी खाऊन गेली." तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, दोन महिने झाले ही पिशवी निघून, नातीनं वर्गात नेऊन सगळ्यांना दाखवली, हा आमच्या आजोबांचा दाणा म्हणून सांगितलं. बाईंनीसुद्धा हातात घेऊन पाहिली. गल्लीतला कुणी पाव घेऊन दारावरून गेला की ती ओरडते, आजोबा, तुमचा दाणा चालला! "तुला सांगणार होतो," दादा म्हणाला, "पण म्हटलं तुला त्या पाटीचं नाव काढलेलं आवडत नाही. बाबांचा अपमान झाला होता ना." पिशवीवरून हात फिरवत तो जरा वेळानं म्हणाला, "आयुष्यात एवढं एकच काम माझं राहिलं बघ. बाकी सगळं तुमचं, मी नुसतं घासलं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर फार बरं झालं असतं.

धाकटा परत पडद्यासमोर येऊन बसला आणि त्याला जे वाटत होतं त्याची त्याला स्वतःलाच शिसारी आली. त्यानं इतकी वर्षं मनाशी धरलं होतं की आपल्याला पश्चात्ताप होतो. कधी तरी, योग्य वेळ बघून, दादाचा हात धरून सगळं सांगायचं, अशी एक गोष्ट त्यानं मनात नीट घडी घालून ठेवलेली होती. वेळ पडली की ती बाहेर काढून तो थोडासा गहिवरायचाही. आणि आता छातीत जे जळत होतं ते पश्चात्तापाचं नव्हतं. तो दाणा माझा आहे, एवढंच आतून कुणीतरी ओरडत होतं. दादा म्हणाला, माझं एक काम राहिलं. माझं काय राहिलं? हातानं कोरलेल्या त्याच्या सगळ्या पाट्या उतरल्या होत्या. दुकानं बदलली, काचेच्या आल्या, उजेडाच्या आल्या. मशिननं कोरलेल्या आहेत त्या काय त्याच्या म्हणायच्या? गावभर, पिशव्यांवर, नव्या पाट्यांवर, लहान पोरांच्या तोंडी त्याच्या हातची एकच गोष्ट उरली होती आणि ती त्यानं आपणहून दुसऱ्याच्या पदरात घातली होती, शिक्षा म्हणून. लाज होती तोवर दादाची असू दे, आणि आता मान आला तर... त्यानं विचार तिथंच तोडला. पण विचार तोडून काय होतं.

दुपारी बेकरीच्या मॅडम आल्या. त्या म्हाताऱ्याची नात, तिशीची, बोलायला गोड आणि हातात सतत फोन. नमुना बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, आमचा दाणा कुठं गेला?" धाकटा फाइल साफ केल्याचं काहीतरी पुटपुटला. "साफ कशाला करायची? तो तुटका दाणा म्हणजेच आम्ही! लोंब्या काय, पिठाच्या प्रत्येक पोत्यावर असतात. जसा आहे तसा हवा, केसाचाही फरक नको. आणि तेवढी जागा खरबरीत ठेवा हं, घासू नका, हातानं केलेलं वाटायला पाहिजे." मागे खिडकीखाली दादाचा पॉलिशपेपर थांबला. तो ऐकत होता. मॅडमनी फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आठवलं. आजोबांच्या कागदांत फक्त तुमच्या वडिलांचं नाव आहे. पण घरचे म्हणतात पाटी मुलांनी केली होती. मग हा दाणा नक्की कुणी केला? उद्घाटनाला त्यांना बोलवायचंय. जुनी पाटी भिंतीवर लावतोय आम्ही, तिच्याशेजारी त्यांचा फोटो, खाली नाव."

दादा उठला. एका हातानं खिडकीची चौकट धरून, गुडघे मोजत उठतो तसा. शर्टावरचा भुसा झटकला, केसांवरून हात फिरवला, आणि लहान मुलाचं नाव वर्गात पुकारल्यावर ते जसं इकडे तिकडे बघतं तसं बघत दोन पावलं पुढे आला. बोलायला तोंड उघडलं. त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द जुळवायला वेळ लागत होता. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "मी."

मॅडम वळल्या. दादा म्हणाला, "अरे..." धाकट्याचं तोंड मात्र आता थांबेना. दादाला त्या दिवशी ताप होता, तो नळावर गेला होता, त्याच्या मागे तिसरा दाणा मी करायला घेतला, पटाशी सटकली, भीतीनं बोललो नाही. सगळं, ओळीनं, एकही शब्द खोटा नाही. पडद्यावर दाणा मोठा करून त्यानं पुरावासुद्धा दाखवला: बघा, घाव उजवीकडून शिरलाय, शेपूट डावीकडे, माझा भाऊ डावखुरा, त्याचा हात असा घसरूच शकत नाही. चौतीस वर्षं ज्या पुराव्याला तो घाबरत आला होता तोच पुरावा तो बोट ठेवून ठेवून समजावून देत होता. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. त्याला दादाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं, आणि हात काढवत नव्हता. मॅडम तर हरखूनच गेल्या. "काय गोष्ट आहे हो! हीच लिहू आपण!" त्यांनी धाकट्याला राउटरपाशी उभं केलं, हातात नमुना दिला आणि फोन वर धरला. "काका, जरा हसा की." मग मागे बघून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही थोडं बाजूला होता का? सावली पडतेय." दादा लगेच बाजूला झाला.

मॅडम गेल्या. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. दादा उभाच होता.

"नळावर गेलो होतो ना मी?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे तिसऱ्याला मी हातच लावला नव्हता."

"नाही."

"मग मी विचारलं तेव्हा तू मघाशीच की म्हणालास ते?"

धाकट्यानं हातातला नमुना टेबलावर ठेवला. दादा भांडेल, तोंडाला येईल ते बोलेल, पॉलिशपेपर तोंडावर फेकेल, ह्या सगळ्याची त्यानं तयारी ठेवली होती, नव्हे, तो त्याची वाट बघत होता. दादा फक्त आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. भुशानं पांढरा झालेला हात त्यानं उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं," तो हळू म्हणाला.

मग त्यानं खिशातली पिशवी काढली, पुन्हा चार घड्या घातल्या आणि धाकट्याच्या टेबलावर कपाशेजारी ठेवली. "हे तुझं," म्हणाला. दाराशी जाऊन चपला घातल्या. एक चप्पल उलटी पडली होती ती पायानं सरळ करायला त्याला वेळ लागला. उंबऱ्यावरून तो वळला, आणि धाकट्याला वाटलं आता येईल ती शिवी. "नातीला काय सांगू रे आता?" दादानं विचारलं. खरोखरच विचारलं, धाकट्याला काहीतरी सुचेल अशा आशेनं. धाकटा पिशवीच्या घड्या बोटानं दाबत राहिला. दादा गेला.

पुसलेले दोन ठिपके धाकट्यानं परत आणले. पहिली मोठी फळी शिकंज्यात लावली, कागदाचा कपटा सरकवून शून्य लावलं, मशिन सुरू केलं. बिट तिसऱ्या दाण्यापाशी आलं, उजवीकडून शिरलं, डावीकडे पातळ होत गेलं, आणि शेपूट काढून मुकाट्यानं पुढच्या दाण्याला लागलं. तासाभरानं पाटी झाली. सगळीकडे कडांना कुसं उठलेली होती, घासल्याशिवाय रंग लागणार नव्हता. त्यानं दाराकडे बघितलं. मग पाटी उचलून खिडकीखाली नेली आणि स्टुलावर बसला. स्टूल त्याच्या अंदाजापेक्षा फारच बुटकं होतं. गुडघे छातीशी आले, पाठ लगेच भरून आली, आणि खिडकी तोंडासमोर असल्यानं उजेड थेट डोळ्यांत येत होता. चौतीस वर्षांत ह्या स्टुलावर बसल्यावर काय दिसतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. काही दिसत नव्हतं. खिडकीखालची भिंत आणि कोपऱ्यात बाबा सदरा अडकवायचे ती खुंटी. त्यानं दादाचा पॉलिशपेपर घेतला, बोटांच्या जागी झिजलेला, आणि डाव्या बाजूनं वरून घासायला सुरुवात केली. तिसरा दाणा खरबरीत ठेवायचा होता, तो त्यानं सोडला. चौथ्याला लागला. अजून पाच पाट्या व्हायच्या होत्या आणि घासायला दुसरं कुणी नव्हतं.